खाली नाव आणि गाव

आषाढ लागला की महाडात कुणी आभाळाकडं बघत नाही, पायरीकडं बघतं. आभाळ काय, ते काळंच असतं. त्यात बघायचं काय? पण नदीचं पाणी खालच्या आळीत कुठवर आलंय हे दूध आणायला जाताना बघितलं नाही, तर दिवस सुरू झाला असं वाटत नाही. आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. मागल्या मोठ्या पुराची चिखलाची रेघ नवव्या पायरीला आहे. घरमालकानं तीनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात ओल धरून ती पुन्हा वर येते. मी आता तिला नावं ठेवायची सोडून दिलीत. राहू दे बापडी.

परवा असाच पाऊस कोसळत असताना अंक आला. पोस्टमननं तो प्लास्टिकच्या पिशवीतून काढून हातात दिला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "बाई, मी नाही फाडला हां." वेष्टण एका कडेनं उघडलेलं होतं आणि चिकटपट्टी मारून परत बंद केलेलं. या चार महिन्यांतली ही तिसरी खेप. "मग कोण फाडतं?" मी विचारलं. तो गाडीच्या आरशावरचं पाणी पुसायला लागला. म्हणाला, "मला कशाला विचारता? तुम्ही दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर मागवा ना." मी म्हटलं, "दुसरा पत्ता आता माझा एकच राहिलाय, आणि तिथं टपाल जात नाही." एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तो खदखदून हसतो. परवा हसला नाही.

नव्या वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. या मासिकाचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण महाडात त्याला सगळे 'लाल अंक'च म्हणत आले. मुखपृष्ठावर लाल पट्टी, आत मजुरांचं, मोर्चांचं, जमिनीचं राजकारण. माझ्या जन्माच्याही आधीपासून ते मुंबईहून निघतं आणि तेव्हापासून ते बंद पडणार बंद पडणार असं लोक म्हणतात. माझे वडील, आबा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि महाड-पोलादपूरला हा अंक घरोघर पोचवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. आमचं गाव दासगाव, पण डेपोपायी आम्ही महाडात तळ्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचो. सुतळीनं बांधलेला गठ्ठा एसटीच्या टपावरून यायचा. पावसाळ्यात तो भिजून चिंब. मग आबा एकेक अंक सोडवून चुलीवरच्या दोरीवर वाळत घालायचे. त्याच दोरीच्या एका टोकाला आईचे सुके बोंबील असायचे. त्यामुळं आषाढाच्या अंकाला धुराचा, मासळीचा आणि आबांच्या बोटांच्या ग्रीसचा असा मिळून एक वास यायचा. बाजारपेठेतले एक वकील अंक फुकट वाचायचे आणि वर म्हणायचे, "बाबूराव, तुमची क्रांती सुकटीचा वास मारते हो." आबा म्हणायचे, "मारणारच. सुकट खाणाऱ्यांचीच आहे ती."

टीकाकारांना काही तोटा नव्हता. वकील होते. डेपोतले कंट्रोलर होते, ते म्हणायचे हा अंक वाचून ड्रायव्हर उर्मट होतात. आणि आमचे घरचे तर होतेच. मार्चात सत्याग्रहाच्या दिवशी तळ्यावर माणसांचा सागर लोटायचा, पुस्तकांची दुकानं लागायची, तेव्हा आबाही एका कोपऱ्यात सतरंजी टाकून अंक मांडून बसायचे. आमचे मामा येऊन समोर उभे राहायचे, कमरेवर हात देऊन. "निळं सोडून लाल कुठं धरून बसलास, बाबू? यांच्या अंकात गिरणी असते, संप असतो, पाच देशांचे मजूर असतात. आपली विहीर कुठं असते?" आबा अंक उघडून पहिलं पान दाखवायचे. "लिहा की मग. आक्षेप आधी छापतात."

आणि खरंच छापायचे. जुन्या संपादकांनी घालून दिलेला तो नियम होता. पहिल्या पानावर संपादकीय नाही, तर विरोधकाचं पत्र. कितीही आंबट असो, कात्री न लावता. अट एकच, खाली पूर्ण नाव आणि गाव पाहिजे. आबा अंक वाचून दाखवायचे तेही याच क्रमानं, आधी आक्षेप. शिव्या संपल्या की मगच चहा. आमच्या घरी अंक आला की आठ-दहा माणसं जमायची आणि 'यंदा कुणी हाणलंय?' हा पहिला प्रश्न असायचा.

या जमणाऱ्यांत एक धोंडूतात्या होते. पोलादपूरहून उमरठची गाडी धरायची, उतरून पुढं डोंगर चढायचा, तेव्हा त्यांची वाडी. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही; का ते पुढं कळेल. जातीनं मराठा, उतारावर नाचणी आणि वरी, खाली ओढ्याकाठी चार कुणगे, म्हणजे भाताची खाचरं. तरुणपणी दहा-बारा वर्षं गिरणीत काढून परत आलेले. तिथंच ते सही करायला शिकले होते. त्यापलीकडं अक्षर काढायचा त्यांना कंटाळा. आठवड्याच्या बाजाराला महाडात आले की डेपोत आबांशी गप्पा, आणि अंकाचा दिवस असला की आमच्या घरी. माणूस मोठा तिखट. "तुमचा अंक म्हनतो जमीन कसनाऱ्याची. बरं. मंग डोंगर कुनाचा? पाऊस कुनाचा? वानरं माजी वरी खातात ती कुनाच्या पक्षाची?" सगळे हसायचे, आबा सगळ्यांत जास्त. मग तात्यांना लहर यायची. "घे गो बाय, लिव. संपादकसायबांस सांगने की..." आणि मी लिहून घ्यायची. मी तेव्हा तेवीस वर्षांची. पोलादपूरच्या शाळेत नुकतीच लागले होते, नोकरी अजून कायम व्हायची होती.

तात्या आमच्या घरी यायचे, पण बसायचे उंबऱ्यापाशी. आई सगळ्यांना चहा द्यायची, त्यांनाही. तात्या म्हणायचे, "ठेवा वयनी, आताच घेतला स्टँडावर." दर वेळी. चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची, आणि माणसं गेली की आई तो मुकाट्यानं मागच्या केळीला घालायची. आबांना कळत होतं, आईला कळत होतं, आलेल्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी बोलत नव्हतं. आबा म्हणायचे, "अगं, उंबऱ्यापर्यंत आला ना माणूस? येईल आत." मला त्या वाक्याची चीड यायची. त्या केळीला घडही चांगले लागायचे, त्याचीही चीड यायची.

त्या वर्षी जेठातल्या एका दुपारी तात्यांनी पत्र सांगितलं. विषय असा की, अंकाची भाषा कठीण आहे, वाचायला वकील लागतो. मी लिहून घेतलं. समोर उंबऱ्यावर चहा गार होत होता. तात्या सांगता सांगता थांबले, तपकीर ओढायला. आणि माझ्या हातून पुढं लिहिलं गेलं. आता 'लिहिलं गेलं' कशाला म्हणू? मी लिहिलं. शब्द न् शब्द पाठ आहे: 'तुमच्या अंकात दूरदूरचे मजूर असतात. आमच्या वाडीत झऱ्याच्या पायरीवर कुणी चढायचं आणि कुणी खाली ताटकळायचं हे ठरलेलं आहे, ते तुमच्या अंकाला दिसत नाही. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेणाऱ्या बायका मी जन्मभर बघत आलो आणि गप्प राहिलो. त्यांच्या जातीच्या घरचा चहासुद्धा मी घेत नाही.'

झऱ्याचं मला कसं ठाऊक? त्याच वाडीच्या बौद्धवाडीतल्या दोन मुली माझ्या वर्गात होत्या. त्यांना उशीर का होतो हे मी विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं, अगदी सहज, पाऊस पडतो म्हणावं तितकं सहज.

तात्यांना मी वाचून दाखवलं ते भाषेपर्यंतच. पुढचं नाही. त्यांनी पेन मुठीत धरून, जीभ ओठाबाहेर काढून, सावकाश सही केली. खाली मी त्यांच्या वाडीचं नाव घातलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पत्र पेटीत टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज झाला. वाटलं, पोस्टमास्तरांना सांगून परत काढावं. पण शाळेची घंटा व्हायची वेळ झाली होती.

आषाढात अंक आला. असाच पाऊस. दोरीवर अंक लटकत होते आणि घरात दहा माणसं दाटीवाटीनं. तात्याही आले होते, घोंगडीची खोळ निथळत. बसले उंबऱ्यापाशी. आईनं चहा ठेवला. आबांनी पहिलं पान उघडलं आणि हरखून म्हणाले, "अरे वा, तात्या! यंदाचा मान तुमचा!" आणि वाचायला लागले. वकील लागतो इथं सगळे हसले, तात्याही मान हलवून हसले. मग आबा पुढच्या ओळीवर आले. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. झऱ्याच्या पायरीवर आले. ओंजळीवर आले. शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा त्यांनी नजर वर केली नाही.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, चष्म्याच्या काचा पुसायला लागतो तितकाच. मी दोरीवरचे अंक मोजत होते. आबा म्हणाले, "तात्या, तुम्ही हे लिहिलंत?"

मला वाटलं, आता हा माणूस उठणार, माझं नाव घेणार, आणि माझी नोकरी, आबांची अब्रू सगळं या पाण्यातून वाहून जाणार.

"लिवलं खरं," तात्या म्हणाले. मग त्यांनी समोरचा कप उचलला, साय बोटानं बाजूला केली आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. गार झालेला. कप खाली ठेवून म्हणाले, "वयनी, साखर कमी हाय." आणि घोंगडी डोक्यावर घेऊन निघून गेले. आई चुलीपुढं वळली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

हा प्रसंग इथं संपला असता तर मी तो कौतुकानं सांगत फिरले असते. पण वाडीचं मुंबईत मंडळ होतं, तसं तिकडच्या प्रत्येक वाडीचं असतं. मंडळातल्या एका गिरणीवाल्यानं युनियनच्या कचेरीत तो अंक बघितला आणि रजेवर आला तो अंक घेऊनच. मुंबईत वाडीचं नाव छापून आलं, तेही अशा कारणानं. लावणीचे दिवस होते. तिकडं लावणी एकमेकांच्या हातानं होते. आज माझ्या कुणग्यात सगळे, उद्या तुझ्या. तात्यांच्या कुणग्यात कुणी उतरलं नाही. ते आणि त्यांची बायको, दोघंच चिखलात वाकलेली. रोपं वाढून पिवळी पडायला लागली. चौथ्या दिवशी बौद्धवाडीतल्या सात बाया न बोलावता आल्या आणि ओळीत उभ्या राहिल्या. माझ्या वर्गातल्या मुलींनीच मला हे सांगितलं, आणि सांगितलं की तात्यांनी त्यांच्या कळशीतलं पाणी मागून घेतलं. भावकीला हे कळल्यावर जे बंद व्हायचं राहिलं होतं तेही बंद झालं.

ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. पत्रही कधी सांगितलं नाही. श्रावणात एकदा पोलादपूरच्या स्टँडवर गाठ पडली. मी हात जोडले. तात्या इकडं तिकडं बघून म्हणाले, "रडतेस काय गो? अक्षर तुजं हाय, पन सई माजी हाय. सई केली की झालं." गाडी आली, ते चढले. मी काही त्यांच्या मागं वाडीवर गेले नाही. आबांना सांगितलं नाही. तात्या लिहू शकतो तर कुणीही लिहील, असं आबा मरेपर्यंत सांगत होते आणि मी ऐकत होते. नोकरी कायम झाली. पुढं मुख्याध्यापिकाही झाले. मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलं, तोंड वर करून.

यंदा या मासिकाचे सगळे जुने अंक फोनवर वाचायला मिळायला लागले. मुंबईच्या काही हौशी पोरींनी पान न् पानाचा फोटो काढून घेतला. मला केवढा आनंद झाला! आबांच्या ग्रीसच्या बोटाचा एक ठसासुद्धा एका पानावर निघाला, कारण तो अंक मीच त्यांना दिला होता. आनंद पंधरा दिवस टिकला. मग इथल्या ग्रुपांवर त्यातली पानं फिरायला लागली. तुकडे तोडून, लाल गोल काढून. हा अंक देशाचा वैरी, हा धर्माचा वैरी, याचे वर्गणीदार कोण ते शोधा. वाचनालयातल्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, अंक आता टेबलावर ठेवत नाही. कपाटात आहे, मागितला तर देतो." "कुणी मागितला?" "नाही. विचारायला आले होते दोघं, कोण वाचतं म्हणून." कोण दोघं, ते त्यानं सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात खालच्या किराणावाल्यालाही विचारून गेले, लाल अंक कुठल्या मजल्यावर येतो. तो मला हे सांगताना डाळ जोखत होता आणि मान खाली होती. त्यानं डाळ जरा जास्तच घातली.

मला टीकेचं वावडं नाही. टीकेवर तर आमचं घर वाढलं. वकिलांनी शिव्या दिल्या त्याखाली त्यांचं नाव होतं. मामांनी अखेर एकदा पत्र लिहिलंच, चार पानी, आणि खाली नाव, गाव, वाडी सगळं ठणठणीत. समोर कोण आहे ते कळायचं. भांडता यायचं, चहा पाजता यायचा. आता नुसता नंबर असतो, फुलाचा नाहीतर वाघाचा फोटो असतो. कुणाला उत्तर द्यायचं? असं मी तावातावानं म्हणत होते, शेजारणीला, भाजीवालीला, जो भेटेल त्याला. म्हणता म्हणता एक दिवस जीभ चावली. नाव लपवून या अंकावर टीका करणारी पहिली तर मीच. मी तर दुसऱ्याचं नाव वापरलं, आणि त्याचं गाव.

सोमवारी दुपारी निर्मला आली. तात्यांची नात. वाडीवर आशाताई आहे; बाळंतिणी, लसी, तापाची औषधं, सगळे डोंगर पायांनी तुडवते. मी तिला लहानपणी एकदाच बघितलं होतं. दारात उभी राहिली तेव्हा गुलाबी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि हनुवटी हुबेहूब तात्यांची. फोन पुढं केला. त्यावर ते पान होतं. तात्यांच्या नावाभोवती लाल गोल, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं: गावाची बदनामी करणाऱ्याचं घर अजून गावात कसं?

"बाई, तुमच्याच वडलांकडं आजा यायचा ना? ह्ये त्यानंच लिवलंय का?"

मी म्हटलं, आधी बस, चहा घे. तिनं घेतला, फुंकर मारून मारून. मग सांगितलं. रविवारी देवळाच्या मंडपात गाव बसणार आहे. निर्मलानं आणि तिच्या भावानं उभं राहून म्हणायचं, की आमचा आजा खोटं बोलला, असलं आमच्या वाडीत कधी नव्हतं. मुंबईचं मंडळ गाडी करून येतंय. तोवर त्यांच्या घरचं नळाचं पाणी बंद. पाइप कुणी तोडला ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. "मी आता बौद्धवाडीच्या नळावरनं पानी आनते," ती म्हणाली आणि तिला हसू आलं, मलाही आलं असतं, पण आलं नाही. "आनि बाई, वर डोंगराला भेग गेलीय. हात जाईल एवढी. तहसीलची मानसं आली, म्हनाली शाळेत ऱ्हायला जा. त्ये बघायला कुनाला टाइम नाय. चाळीस वर्सांचा कागद बघायला सगळी तयार."

मला सोपं होतं. 'त्यानं नाही लिहिलं, मी लिहिलं' एवढं सांगितलं की तिची सुटका. पण मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "खरं सांगू? मला ते पान बघून रडूच आलं. आमच्या अख्ख्या वाडीत एवढा एकच मानूस सरळ बोलला, आनि तो माजा आजा. लावनीला तो मरेस्तोवर बौद्धवाडीत जायचा, तेंच्या कुणग्यात. सगळी हसायची. का जातो ते आता कळलं."

आता बोला! तिला वाचवायचं तर तिचा आजा तिच्याकडून काढून घ्यायचा. मी उठून उगाच खिडकी लावली, परत उघडली. पाणी कोपऱ्यावरच्या गटाराच्या झाकणाला लागलं होतं. आणि मग सांगून टाकलं. सगळं. चहा, साय, केळ, तपकीर, पेटीत पडलेला आवाज. सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही, भिंतीवर आबांच्या फोटोकडं बघितलं. त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं.

तिनं रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाली, आवाज न चढवता म्हणाली, त्यानं जास्त लागलं, "म्हंजे तुमच्या रागापायी माज्या आज्या-आज्जीनं दोघांनीच लावनी धरली. आनि आमचं पानी आज बंद हाय."

"हो."

"आनि तुमी मास्तरीन झाल्या."

"हो गं बाई, झाले."

तिनं फोन पदराला पुसला. जिन्यापर्यंत गेली आणि वळली. "पन आजा 'म्या नाय लिवलं' असं का बोलला नाय? एका शब्दात सुटला असता की." मी इतकी वर्षं तोच प्रश्न चघळते आहे. निर्मला म्हणाली, "रविवारी या, नायतर नका येऊ. तुमचं तुमी बगा. पन मी तितं काय बोलायचं ते मला शिकवू नका." आणि भरभर खाली उतरली. नवव्या पायरीवरच्या रेघेवर पाय देऊन गेली.

तेव्हापासून तिचा फोन लागत नाही. रेंज नसेल, म्हणते मी. आज शुक्रवार. पोलादपूरच्या वर रस्त्यात माती आलीय, गाडी अर्ध्यातून परत फिरते, असं स्टँडवर कळलं. नदीचं पाणी सकाळी रस्त्याला लागलं. शेजारी गहू-तांदूळ माळ्यावर चढवतायत, मला हाका मारतायत. पुराचा भोंगा अजून वाजलेला नाही. तो वाजायच्या आधीची शांतता असते तिला महाडातली माणसं फार भितात. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत, गच्चीवर जाऊन बसतात. मी आईचा जुना डबा काढून आबांचे अंक त्यात भरले, वर प्लास्टिक बांधलं, आणि टेबलाशी बसून हे लिहिते आहे. दोन प्रती करते आहे. एक टपालानं तुम्हाला. दुसरी पिशवीत घालून उद्या पहाटे निघणार. जिथवर गाडी जाईल तिथवर गाडीनं, पुढं पायांनी. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. मंडपात मी आधी उभी राहणार आणि हे वाचणार. त्यावर निर्मला काय बोलेल ते मला ठाऊक नाही. ती बोलायच्या आत माझं काय होईल तेही नाही. भीती वाटते, लपवायचं कशाला? अक्षर बघालच.

संपादकबाईंचा काल फोन आला होता, मीच आधी कळवलं होतं म्हणून. आवाज दमलेला. इकडंही दिवस बरे नाहीत, म्हणाल्या, कचेरीच्या दाराला दोनदा काळं फासून गेले. मग जरा चाचरत म्हणाल्या, "बाई, छापते मी. पण तुमचं नाव गाळू का? 'एक जुनी वाचक' असं घालू. तुमच्यासाठीच म्हणते."

गाळू नका. नियम तुमचाच आहे. आक्षेप तुम्ही त्या आषाढात छापलात, अगदी पहिल्या पानावर, एक शब्दही न कापता. त्याच्याखाली छापायचं राहून गेलं होतं ते तेवढं आता छापा:

शालन बाबू गायकवाड
दासगाव, तालुका महाड